शाळा विकास आराखडा : ‘होय’ या उत्तराच्या पुढे काय?

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो : ‘जिल्हा परिषद शाळांच्या विकास आराखड्याचा शैक्षणिक गुणवत्तेवर होणारा परिणाम : एक अभ्यास’. जिल्ह्याचं नाव बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. विषय वाईट नाही. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कोलाम पोडावरच्या आणि बंजारा तांड्यावरच्या शाळांत वीस-पंचवीस मुलं असतात, तिथे तो जसाच्या तसा चालत नाही. का चालत नाही, ते आज बघू. अडचण आराखड्याच्या साच्यात आहे, आणि त्यावर आपण जे संशोधन करतो त्यातही आहे.

आधी कायदा वाचा

शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कलम २२ म्हणतं, या समितीने शाळा विकास आराखडा करायचा. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमाचं दुसरं उपकलम मात्र फार कमी जण वाचतात. सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदान यांचा आधार हा आराखडा असेल, असं ते सांगतं. म्हणजे कायद्याच्या मनात क्रम असा आहे : आधी शाळा सांगणार, मग पैसा ठरणार.

आता केंद्राचे २०१० चे आदर्श नियम घ्या. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा उपआराखडा. त्यात काय हवं? इयत्तावार पटाचा अंदाज, जादा शिक्षकांची गरज, इमारत आणि साहित्याची गरज, आणि त्यासाठी लागणारा जादा पैसा. बस, एवढंच. मुलांना काय वाचता येतं, काय येत नाही, हे या यादीत कुठेच नाही. ही चूक नव्हे. हा कागद मुळात मागणीपत्र आहे. गाव शासनाला विचारतं, ‘आमच्या मुलांना हे लागतं, कधी देता?’

२०१५ मध्ये ‘शाळासिद्धी’ आलं. त्यात शाळेने सात क्षेत्रांत स्वतःचं मूल्यमापन करायचं आणि सुधारणेचा आराखडा मांडायचा. इथे प्रश्नाची दिशा उलटी होते. आता शासन शाळेला विचारतं, ‘तुम्ही काय सुधारणार, कधीपर्यंत?’ एक कागद मागणीचा, दुसरा हमीचा. बोलताना दोन्हींना ‘आराखडा’च म्हणतात आणि आपले बरेच प्रस्तावही दोन्ही एकाच पोत्यात भरतात. गुणवत्तेवरचा परिणाम तपासायचा तर आधी ठरवा, तुम्ही कोणत्या कागदाबद्दल बोलताय?

मोठ्या जिल्ह्याचं माप लहान शाळेला

या विषयावर परदेशी संदर्भ म्हणून केनेथ फर्नांडिस यांचा २०११ चा अभ्यास घेता येतो. चांगला नियोजन-आराखडा आणि विद्यार्थ्यांची कामगिरी यांचा संबंध त्यांना दिसला. पण तो अभ्यास नेवाडातल्या क्लार्क काउंटीचा, म्हणजे लास वेगासचा. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शालेय डिस्ट्रिक्टपैकी ते एक. तिथे आराखडा लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. त्याच देशातल्या बऱ्याच राज्यांत चार्टर शाळा स्वतःच एक डिस्ट्रिक्ट मानली जाते. तिथे लिहिणारा, राबवणारा आणि पहिली तपासणी करणारा यांत फारसं अंतर राहत नाही. क्लार्क काउंटीचा निष्कर्ष अशा शाळेलाही लागू होतो का? हे वेगळं तपासावं लागेल.

आपल्याकडे हे अंतर आणखी कमी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर. म्हणजे बावीस मुलांच्या शाळेत दोन गुरुजी, त्यांतल्याच एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. आराखडा तेच लिहिणार, राबवणार तेच, शाळासिद्धीत स्वतःला गुण देणारेही तेच. शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती आहेच.

आता साच्यातले रकाने बघा. ‘जादा शिक्षकांची गरज’ अनुसूचीच्या निकषाने मोजायची. पाच इयत्ता दोन शिक्षक एकाच वेळी कसे शिकवणार, हा खरा प्रश्न. पण निकषाने गरज शून्य, म्हणून रकान्यात ‘निरंक’. दोघांपैकी एक पद रिक्त असेल तर ते भरणं समितीच्या हातात नाही. पैशाचंही तसंच. समग्र शिक्षाच्या निकषांत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान. शाळा आराखडा करते तेव्हा हा आकडा आधीच ठाऊक असतो. मग गरज लिहून पैसा मागायचा, की पैसा बघून गरज लिहायची? कलम २२ चा क्रम इथे उलटा होतो. पट हा एकच आकडा शिक्षकही ठरवतो आणि पैसाही. आराखड्याला ठरवायला काही उरतच नाही.

आणि तीन वर्षांचं नियोजन करायचं तर शाळा तीन वर्षं टिकणार, हे आधी कळायला हवं. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तोरणमाळ आणि पानशेतचे नमुने पुढे ठेवले. त्या काळात राज्यातल्या अशा शाळांचा १४,७८३ हा आकडा चर्चेत होता. अशा शाळेतल्या पालकाने पुढच्या तीन वर्षांच्या आराखड्यावर सही करताना काय समजायचं?

संख्येचा फसवा खेळ

समजा शाळेत बारा मुलं आहेत. एक मूल म्हणजे ८.३३ टक्के. तिसरीत चारच असतील तर एक म्हणजे २५ टक्के. एक कुटुंब ऊसतोडीला गेलं की ‘गुणवत्तेत घसरण’, परत आलं की ‘लक्षणीय वाढ’. हा आराखड्याचा परिणाम नाही, स्थलांतराचा आहे.

दुसरी अडचण चलाची. यू-डायस प्लसमध्ये समितीने आराखडा केला का, याचं उत्तर होय किंवा नाही असं भरायचं असतं. आराखडा कायद्यानेच सक्तीचा, मग ‘नाही’ कोण लिहील? जवळपास सगळेच ‘होय’ असतील तर त्या चलात फरकच उरत नाही. आणि ज्यात फरक नाही, त्याने दुसऱ्या कशाचाच फरक समजावता येत नाही. सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

मग विषय सोडायचा?

नाही. प्रश्न बदलायचा. साचा लहान शाळेची कमतरता मोजतो, तिची ताकद त्याला दिसत नाही. बारा-पंधरा मुलांच्या शाळेत समितीवर जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी असू शकतं. समिती म्हणजे अख्खं पोड. मोठ्या शाळेला ही सोय नाही. पण बैठक कापूस वेचणीच्या दिवसांत भरदुपारी ठेवली तर येणाऱ्याची मजुरी बुडते. नव्या समितीचा पहिला आराखडा नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. नेमका वेचणीचा हंगाम. शिवाय बोलणं कोलामी किंवा गोरमाटीत आणि इतिवृत्त कार्यालयीन मराठीत. बोललेलं आणि लिहिलेलं यांत काय गळालं, हाच एक प्रबंध होईल.

माझा सल्ला असा. पन्नास शाळांना प्रश्नावली वाटण्यापेक्षा पाच शाळा घ्या आणि प्रत्येक शाळेची एकच मागणी धरा. समजा, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी. ती बैठकीत कुणी मांडली? इतिवृत्तात आली का? आराखड्यात उतरली का? केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत गेली तर आवक क्रमांक काय? जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजनेत आणि अंदाजपत्रकात दिसते का? कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच. मागणी कुठे थांबली ती जागा सापडली, की आराखडा कुणाचा नापास झाला ते कळेल. आजवर आपण तो शाळेचा मानून निकाल देत आलो. कलम २२ वाचलं तर त्याच प्रश्नाचं उत्तर वरच्या कार्यालयांनीही द्यायचं आहे.

मार्गदर्शक विचारतील, ‘पाच शाळांवरून सामान्यीकरण कसं करणार?’ सांगा, ‘सर, सामान्यीकरण शाळांचं करत नाही. कागद कोणत्या वाटेने जातो आणि कुठे अडतो, ते दाखवतोय.’