नकार आणि दृष्टी : बेंद्रे यांच्या एका शोककवितेचा विचार

‘नाकारणे’ हा शब्द मंडळीत उच्चारला की आपल्यासमोर प्रथम पेत्र उभा राहतो. प्रमुख याजकाच्या वाड्यातील विस्तव, दासीचा प्रश्न आणि तीन वेळा दिलेले उत्तर हे चित्र इतके परिचित आहे की, नाकारणे म्हणजे भीतीपोटी बोललेले असत्य, असा मर्यादित अर्थ आपण धरून बसतो. परंतु शोकग्रस्त घरी, दुर्धर रोग्याच्या खाटेपाशी किंवा हातून घोर अपराध घडलेल्या मनुष्याच्या सहवासात पाळकाला जो नकार भेटतो, तो याहून निराळा असतो. तेथे मनुष्य दुसऱ्यास फसवीत नाही. घडलेली गोष्ट तो स्वतःपर्यंत पोहोचू देत नाही. या नकाराचे स्वरूप उमजण्यास कधीकधी एखादी कविता मोठे साहाय्य करते. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांची ‘नी हिंग नोडब्याड नन्न’ ही कन्नड कविता त्यांपैकी एक होय.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (१८९६–१९८१) यांच्या घरची भाषा मराठी. कीर्ती मात्र त्यांना ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कन्नड कवी म्हणून लाभली. ‘नाकुतंती’ या संग्रहासाठी १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. प्रस्तुत कविता ग्रांथिक कन्नडात नसून धारवाडच्या बोलीत आहे. ‘अशी माझ्याकडे पाहू नकोस’ हा तिच्या शीर्षकाचा अर्थ. बेंद्रे दांपत्याला आपल्या अनेक अपत्यांचे मृत्यू पाहावे लागले, आणि त्या अनुभवातून ही कविता आलेली आहे. पती बोलत आहे, पत्नी निःशब्दपणे त्याच्याकडे पाहत आहे आणि मूल निपचित पडलेले आहे, एवढाच तिचा प्रसंग. आपल्यापैकी जे हुबळी-धारवाडच्या बाजूस सेवा करतात, त्यांनी ती गायिलेलीही ऐकली असेल.

या कवितेकडे पतीने पत्नीचे केलेले सांत्वन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. त्यास आधारही आहे. कवितेच्या शेवटी पती तिला मोकळेपणी रडण्यास विनवितो. हसण्याने दुःख झाकू नये, हुंदका ओठांत कोंडू नये, असे सुचवितो. आजचे समुपदेशनशास्त्रही हेच सांगते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नकार ही पहिली अवस्था मानली आणि ती मनुष्याला आघात सोसण्यास उसंत देते, असे दाखविले. मात्र त्यांचे निष्कर्ष मरणोन्मुख रुग्णांशी झालेल्या संभाषणांवर आधारलेले होते, हे विसरून शोक करणाऱ्या प्रत्येकावर त्या अवस्थांचा साचा बसविणे युक्त नव्हे.

परंतु कविता सावकाश वाचली असता असा प्रश्न पडतो की, तिच्यात नाकारणारे कोण? पत्नी तर पाहत आहे. ती पुन्हा पुन्हा पतीकडे पाहते. दृष्टी चुकविणारा आहे तो पती. त्याचे पहिले मागणे तिच्या हितासाठी नसून स्वतःच्या बचावासाठी आहे. तिची नजर त्याला सोसवत नाही. मूल जेथे आहे तेथे असू द्यावे, पुढचे देवाच्या इच्छेवर सोडावे, असे तो म्हणतो. शब्द भक्तीचे आहेत. पण येथे ते विश्वासातून आलेले नसून डोळे फिरविण्याची सोय म्हणून आलेले आहेत.

कवितेची भाषाही हाच नकार दाखविते. मुलासाठी जे कन्नड क्रियापद योजिले आहे, त्याचा अर्थ निजणे असाही होतो आणि पडून असणे असाही. मृत्यूचा स्पष्ट निर्देश येतो तो पत्नीच्या कोमेजलेल्या मुखाविषयी. प्रेताची प्रतिमा येते ती दिवसा आकाशात तरंगणाऱ्या चंद्राविषयी. जेथे मरण प्रत्यक्ष येऊन ठेपले आहे, तेथे मात्र त्याचे नाव नाही. शोकाकुल मन नेमके असेच बोलते. या कवितेचे मोठे सामर्थ्य मला येथे दिसते.

आपणही मृताविषयी ‘प्रभूमध्ये निजला’ असे म्हणतो, आणि ते आशेचे वचन आहे. तथापि योहानाच्या ११ व्या अध्यायातील क्रम ध्यानात घ्यावा. प्रभू प्रथम लाजराच्या निद्रेविषयी बोलतो. पण शिष्य त्याचा चुकीचा अर्थ घेतात, तेव्हा तो मरण पावल्याचे उघड सांगतो. पुढे, त्याला उठविणार हे ठाऊक असूनही तो रडतो. पुनरुत्थानाची आशा अश्रूंना पर्याय म्हणून तेथे आलेली नाही.

कवितेला वळण मिळते ते पती आपले खरे स्वरूप कबूल करतो तेथे. विवाहसमयी तिने धरलेला हात आश्रय देणारा नव्हता, आणि आपण देव नव्हे, हे तो उमगतो. पतीला देव मानण्याच्या परंपरेत हे कबूल करणे लहानसहान नव्हे. त्यानंतरच तो तिला रडण्यास सांगू शकतो. आपल्या हाती उपाय नाही हे मान्य करेपर्यंत दुसऱ्याचे अश्रू आपल्याला आरोपासारखे वाटतात.

या कवितेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पत्नीला तिच्यात एकही शब्द नाही. तिच्या हसण्याचा अर्थ पतीच ठरवितो. ते हसणे दुःख लपविण्यासाठी होते की त्याच्या शब्दांची पोकळी ओळखल्याचे ते चिन्ह होते, हे आपणास कळत नाही. सांत्वन नाकारणारी राहेल शास्त्राने दोषी ठरविलेली नाही. जो सांत्वन नाकारतो तो सत्य नाकारतोच असे नाही. कित्येकदा तोच सत्याला घट्ट धरून असतो.

२ शमुवेलच्या १२ व्या अध्यायात अपराध आणि वियोग एकत्र येतात. दावीद दुसऱ्याच्या अन्यायावर संतापतो, पण स्वतःचा अन्याय त्याला दिसत नाही. नाथानाने तो समोर धरावा लागतो. पुढे मूल मरते, तेव्हा सेवक आपसांत कुजबुजतात. राजाला सांगावे कसे, ही त्यांची भीती. सरळ प्रश्न करतो तो दावीद, आणि सरळ उत्तर ऐकून घेतो. ज्याने आपला अपराध पाहिला होता, त्याला आपली हानीही पाहता आली. कुजबुज मात्र घराच्या सेवकांत उरली, हे आपण सेवकजनांनी विसरू नये.

शेवटी पेत्राकडेच यावे लागते. त्याच्या रडण्याचा उल्लेख पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. परंतु प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, ही गोष्ट एकटा लूक नोंदवितो. वादाने किंवा पुराव्यांनी पेत्र बदलला नाही. कोंबडा आरवला, एक दृष्टी पडली, आणि तो बाहेर जाऊन रडला. बेंद्रे यांच्या पतीला जी दृष्टी सोसवत नव्हती, तिचे कार्य येथे पूर्ण झालेले दिसते.

म्हणून शोकाच्या घरी गेल्यावर आपण वचन उघडण्याची घाई का करतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कधी ती घाई श्रद्धेची असते. कधी समोरच्या मातेच्या डोळ्यांपासून आपले डोळे सोडविण्याची. वचन वाचावे, प्रार्थनाही करावी. पण तत्पूर्वी तिच्याजवळ बसावे, मुलाचे नाव घ्यावे, जे झाले ते झाले असे तिच्यासह म्हणावे आणि तिने आपल्याकडे पाहिले तर दृष्टी वळवू नये.