जुने ब्राउझर आणि मराठी संकेतस्थळांची रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संकेतस्थळ तयार करणाऱ्याचा संगणक आणि ते पाहणाऱ्याचे साधन यांत बहुधा काही वर्षांचे अंतर असते. रचनाकाराने हे अंतर लक्षात घेतले नाही, तर सर्वांसाठी असलेले संकेतस्थळ काहींसाठी बंदच राहते. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका. कापूस पिकविणाऱ्या या भागात कोलाम व गोंड समाजांची वस्ती आहे. येथील आदिवासी विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर ऑनलाइन भरावा लागतो. त्याच्या हाती घरातील जुना मोबाइल असेल, तर ब्राउझरचा प्रश्न थेट त्याच्या शिक्षणाशी येऊन भिडतो. म्हणूनच जुन्या साधनांची सोय नेमकी कशी करावी, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

फाँटच्या काळातील अनुभव :
हा प्रश्न मराठीला नवा नाही. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. परंतु विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींपासून मिळू लागली. त्यामुळे अनेक मराठी वृत्तपत्रांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले स्वतःचे फाँट वापरले. वाचकाला फाँट उतरवून घ्यावा लागू नये म्हणून 'डायनॅमिक फाँट'ची युक्ती पुढे आली. मात्र तिचा एक प्रकार केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले, तर दुसरा नेटस्केप ४ साठी होता आणि २००० च्या नेटस्केप ६ मध्ये त्याचा आधारच काढून टाकण्यात आला. अन्य ब्राउझरमध्ये बातमीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. असा मजकूर शोधयंत्रांनाही मराठी म्हणून ओळखता येत नसे.

येथे हेतू योग्य होता, उपाय मात्र चुकीचा होता. जुन्या संगणकाच्या वाचकाची काळजी घेताना मजकूर एका विशिष्ट उत्पादनाला बांधला गेला. याउलट २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा युनिकोड मजकूर ब्राउझरच्या अनेक पिढ्या उलटल्यानंतरही वाचता येतो. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मात्र १५ जून २०२२ रोजी संपुष्टात आला.

आजची अडचण :
आज अक्षरे दिसतात. अडचण अन्यत्र आहे. एचटीएमएलमध्ये अपरिचित खूण आढळल्यास ब्राउझर ती ओलांडून पुढचा मजकूर दाखवितो. सीएसएसमधील न समजलेला नियमही तो सोडून देतो. जावास्क्रिप्टचे तसे नाही. २०१५ नंतरच्या नव्या वाक्यरचनेतील एक ओळ जुन्या ब्राउझरला उमगली नाही, तर ती संपूर्ण फाइलच निकामी होते. सर्व मजकूर स्क्रिप्टद्वारेच उभा राहत असेल, तर वाचकासमोर केवळ कोरे पान येते. म्हणून सूचना, अंतिम तारीख, पात्रता व अर्जाचे रकाने साध्या एचटीएमएलमध्ये असावेत आणि सजावट व सोयी त्यावर चढवाव्यात. २००३ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट' या नावाने मांडलेला विचार हाच होय. त्यात जुन्यांसाठी वेगळे पान करावे लागत नाही. एकच पान सर्वांना आपापल्या कुवतीनुसार दिसते.

आक्षेप व मर्यादा :
जुन्या साधनांना सुरक्षेची आधुनिक पद्धत समजत नाही, हा आक्षेप रास्त आहे. प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये टीएलएसच्या १.० व १.१ या आवृत्त्या वापरातून काढण्यास प्रारंभ केला. आधार व बँक खात्याचे क्रमांक घेणाऱ्या संकेतस्थळाने येथे तडजोड करू नये. परंतु ही मर्यादा सुरक्षेपुरतीच आहे. सरकता फलक चालत नाही म्हणून अंतिम तारीखही न दिसण्याला सुरक्षेचे कारण देता येत नाही. जेथे सुरक्षा खरोखर आड येते, तेथे महाविद्यालयाचा संगणक कक्ष व सूचनाफलक यांनी ती उणीव भरून काढली पाहिजे.

निष्कर्ष :
भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तरीही महाविद्यालयांची संकेतस्थळे अनेकदा मूल्यांकन समितीला कशी दिसतील, या विचारानेच तयार होतात. प्राध्यापकांनी आपल्या संस्थेचे संकेतस्थळ जुन्या मोबाइलवर, स्क्रिप्ट बंद करून एकदा उघडावे. प्रवेशाची तारीख तेथे वाचता आली, तरच ते संकेतस्थळ झरी जामणीच्या विद्यार्थ्याचेही आहे, असे म्हणता येईल.