ब्रिटिशकालीन म्हणजे कोणाचे?

जव्हार-मोखाड्यात रेल्वे कधी आली नाही. तरीही आमच्या भागातल्या एका स्मरणिकेत रस्त्याच्या कामाचे एक जुने छायाचित्र छापले गेले आणि त्याखाली ओळ आली : ‘ब्रिटिशकालीन रेल्वे इंजिन’. चित्रात होता वाफेचा रोडरोलर. मला हसू आले. पण ते लगेच आवरावे लागले. कारण त्याच छायाचित्रावर टिपण लिहिताना मी ‘इंग्लंडच्या एव्हलिंग अँड पोर्टरचा रोलर’ असे ठोकून दिले होते. वाचनात हेच नाव वारंवार आलेले, एवढाच माझा पुरावा. स्मरणिकेची चूक आणि माझी चूक एकाच जातीची. दोघांनीही यंत्र न पाहता त्याच्याभोवतीची समजूत पाहिली होती.

रेल्वेचा प्रश्न चाकावर सुटतो. रुळावरून घसरू नये म्हणून रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कड असते. रोलरचे चाक रुंद आणि सपाट. पुढे दुबेळक्यात बसवलेला लोखंडी रूळ, मागे दोन मोठी चाके, मध्ये आडवा बॉयलर आणि बाजूला गरगरणारे फ्लायव्हील. ओझी ओढणारे वाफेचे ‘ट्रॅक्शन इंजिन’ आणि हा रोलर ही सख्खी भावंडे. फरक मुख्यतः चाकांचा.

निर्मात्याचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. टॉमस एव्हलिंगने 1859 मध्ये क्लेटन अँड शटलवर्थ या कंपनीचे बैलाघोड्यांनी ओढून न्यावे लागणारे इंजिन स्वतःच्या बळावर चालते केले. म्हणजे या घराण्याच्या आरंभीच ‘कोणी बनवले?’ याची उत्तरे दोन. भारताशी निगडित उदाहरण तर त्याहून बोलके आहे. आर. ई. बी. क्रॉम्प्टन याने 1870 च्या दशकात पंजाबात सडकेवरची वाफेची गाडी चालवली. तिच्यासाठी आलेल्या ‘चिनाब’ आणि ‘रावी’ या इंजिनांचा आराखडा एडिंबरोच्या आर. डब्ल्यू. टॉमसनचा, पण बांधणी इप्सविचच्या रॅन्सम्स, सिम्स अँड हेड यांची. टॉमसनचे नाव सांगणारा खोटा नाही आणि रॅन्सम्सचे सांगणाराही नाही. एकच नाव सांगून थांबणारा मात्र अपुरा आहे.

मग ओळखायचे कसे? पितळी पाटी असली तर उत्तमच. पण पितळेला भंगारात भाव असल्यामुळे आधी तीच जाते. शिवाय पाटी काढून दुसरीकडे लावता येते. एव्हलिंगचा मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा दिसला तरी त्याने एवढेच सिद्ध होते की तो सुटा भाग एव्हलिंगचा आहे. दुरुस्तीच्या आवारात एका यंत्राचे अवयव दुसऱ्याला बसत आले आहेत. म्हणून सिलिंडर, क्रँकशाफ्ट अशा मोठ्या भागांवर ठोकलेले आकडे पाहावेत आणि ते एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे. कारखान्यांची दप्तरे काही ठिकाणी टिकून आहेत. लीड्सच्या फाउलर कंपनीची कागदपत्रे रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहेत. पण दप्तरापर्यंत जायला आधी क्रमांक हवा.

इथेच मोठा सापळा आहे. 1923 च्या बॉयलर कायद्यानुसार नोंदणी झालेल्या बॉयलरवर नोंदणी क्रमांक कायमचा कोरावा लागे. हा आकडा सरकारचा, कारखान्याचा नव्हे. हौशी अभ्यासक तोच निर्मिती क्रमांक समजून परदेशी यादीत शोधतो आणि योगायोगाने काही जुळले की निर्माता ‘सापडतो’. वास्तविक त्या क्रमांकाचे मोल वेगळे आहे. यंत्राची इथली नोंद शोधायला लागणारे टोक तो हाती देतो.

‘ब्रिटिशकालीन’ या शब्दावर माझा खरा आक्षेप आता सांगतो. टाटांच्या टेल्को कंपनीची स्थापना 1945 ची. 1948 मध्ये तिने गेन्सबरोच्या मार्शल सन्स या कंपनीच्या सहकार्याने वाफेचा रोडरोलर बाजारात आणला. त्याच वर्षी जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे मुकणे राजांचे राज्य संपत असताना वाफेचा देशी रोलर जन्माला येत होता. छायाचित्रातले यंत्र त्यांपैकी असेलच असे मी म्हणत नाही. पुन्हा तीच चूक कशाला करू? पण वाफ म्हणजे ब्रिटिश, असे गृहीत धरले की ही शक्यता तपासण्यापूर्वीच मरते. त्या यंत्रावर राबलेल्या देशी कारागिरांचे श्रम एका विशेषणाने साहेबाच्या नावावर चढतात. आमच्या डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्यांची नावे कुठल्याच पाटीवर आली नाहीत. निदान यंत्र घडवणाऱ्यांची तरी आपल्या आळसामुळे पुसली जाऊ नयेत.

स्मरणिकेच्या संपादकांना मी दुरुस्ती कळवली आणि तिच्यासोबत माझ्या टिपणाचीही : ‘वाफेचा रोडरोलर. छायाचित्रावरून निर्माता ठरवता येत नाही.’ ओळ रुक्ष आहे, पण पुराव्याला जेवढे पेलते तेवढेच ती बोलते.

वाचकांपैकी कोणाच्या गावात असे धूड गवतात उभे असेल, तर त्यावर रंग चढवण्याआधी एक करावे. कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी, आकडा कुठल्या भागावरचा हे शेजारी लिहावे आणि जुन्या चालकाला गाठावे. रंगाखाली बुजलेला आकडा निदान खरवडून काढता येतो. भंगारात गेलेला नाही.