निवड, न्याय आणि खेळाडूचे मोल : धनराज पिल्ले यांच्या निमित्ताने झालेल्या हॉकीचर्चेची चिकित्सा

प्रस्तावना

संघनिवड ही क्रीडाव्यवहारातील सर्वाधिक चर्चिली जाणारी आणि सर्वांत कमी तपासली जाणारी बाब आहे. सामना संपला की निकाल सर्वांसमोर असतो. निवड मात्र बंद खोलीत होते आणि बाहेर येते ती केवळ नावांची यादी. त्या यादीमागील कारणे रसिकाला स्वतःच कल्पावी लागतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रसिकाला आंतरराष्ट्रीय हॉकी भेटते ती मुख्यतः वर्तमानपत्रातून आणि दूरचित्रवाणीवरून. खेळापासून एवढे अंतर असूनही संघात कोण असावा आणि कोण नसावा याविषयी येथील रसिकाचे मत ठाम असते. हे ठामपण कशावर उभे आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत गाजलेले उदाहरण, म्हणजे पुण्याजवळील खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले यांच्या निवडीचा आणि वगळण्याचा वाद, विचारात घेतला आहे. या वादात रसिक व निवडकर्ते हे दोन्ही पक्ष 'खेळाडूचे मोल' हा एकच शब्दप्रयोग निरनिराळ्या अर्थांनी वापरत राहिले. म्हणूनच चर्चा खेळाविषयी न राहता केवळ निष्ठेविषयीची झाली, असे येथे मांडावयाचे आहे.

वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, हे पदक भारताकडे आले होते. संघाचे कर्णधार धनराज पिल्ले होते, प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक होते आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्याचा निर्णय पेनल्टी फटक्यांवर लागला तेव्हा गोलरक्षक आशिष बल्लाळ यांची कामगिरी मोलाची ठरली. या विजयानंतर लगेचच पिल्ले व बल्लाळ यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून बाहेर ठेवण्यात आले. कौशिक यांचेही पद गेले. भारतीय हॉकी महासंघाने ज्येष्ठ खेळाडूंना विश्रांती दिल्याचे सांगितले. खेळाडूंनी मानधन, भत्ते आणि सुविधा यांविषयी केलेल्या तक्रारींची ही शिक्षा आहे, असा अर्थ मात्र जनमानसाने घेतला.

पिल्ले पुढे संघात परतले. २००३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने क्वालालंपूर येथे आशिया चषक जिंकला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांची निवड झाली. परंतु दिलीप तिर्की यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात त्यांना मैदानावर अत्यल्प वेळ मिळाला. भारत सातवा आला. १९९९ चा प्रश्न होता, 'त्यांना का वगळले?' २००४ मध्ये दोन उलट प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. काहींनी विचारले, 'त्यांना का घेतले?' आणि काहींनी विचारले, 'घेतले तर खेळविले का नाही?'

मोलाचे तीन अर्थ

या चर्चेत खेळाडूचे मोल किमान तीन अर्थांनी येते. पहिला अर्थ पूर्वसेवेचा. चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४), चार विश्वचषक (१९९०, १९९४, १९९८, २००२) आणि चार आशियाई स्पर्धा (१९९०, १९९४, १९९८, २००२) खेळलेल्या खेळाडूला मानाने निरोप मिळावा, ही अपेक्षा या अर्थातून येते. येथे संघातील जागा हे ऋण फेडण्याचे साधन ठरते.

दुसरा अर्थ वर्तमान उपयुक्ततेचा. येत्या स्पर्धेत, ठराविक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, ठराविक जागेवर हा खेळाडू किती उपयोगी पडेल, एवढाच त्यातील प्रश्न. १९९० च्या दशकात हॉकीच्या नियमांत झालेल्या बदलांमुळे या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ऑफसाइडचा नियम रद्द झाला आणि खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. आघाडीचा खेळाडू सबंध सामना मैदानावर राहणार नाही, तो काही मिनिटे पूर्ण वेगाने धावून बाहेर येईल आणि पुन्हा आत जाईल, हे गृहीत धरले जाऊ लागले. वेग हेच ज्याचे प्रमुख शस्त्र आहे अशा ज्येष्ठ खेळाडूला या बदलाने एकीकडे आधार दिला आणि दुसरीकडे कठोर कसोटीला लावले. लहान लहान टप्प्यांत खेळविल्यास त्याचा अनुभव उपयोगी पडतो. मात्र प्रत्येक टप्प्यात तरुणाइतकीच धाव त्याच्याकडून अपेक्षिली जाते.

तिसरा अर्थ भविष्याचा. २००१ साली होबार्ट येथे भारताने कनिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकला आणि गगन अजित सिंग, दीपक ठाकूर यांच्यासारखे आघाडीचे खेळाडू ज्येष्ठ संघाचे दावेदार झाले. अशा खेळाडूला आज मिळणारी जागा ही पुढील चार वर्षांची गुंतवणूक असते.

हे तिन्ही अर्थ वैध आहेत. दोष आहे तो त्यांची सरमिसळ करण्यात. महासंघाने 'विश्रांती' हा शब्द वापरला तेव्हा त्याची भाषा उपयुक्ततेची होती. रसिकांनी 'अन्याय' हा शब्द वापरला तेव्हा त्यांची भाषा सेवेच्या ऋणाची होती. एकाने मांडलेल्या मुद्द्याला दुसऱ्याचे उत्तर लागूच पडत नव्हते. परिणामी वाद मिटण्याऐवजी अधिकच चिघळला.

रसिकांच्या भूमिकेची मर्यादा

रसिकांच्या बाजूने सहानुभूती असली तरी त्यांच्या युक्तिवादातील एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. ऑलिंपिक संघात त्या काळी सोळा जागा होत्या. सोळात एकाला घ्यावयाचे तर सतराव्याला वगळावे लागते. 'धनराज हवेतच' असे म्हणणाऱ्याने कोणाला बाहेर ठेवावे हे सांगितले पाहिजे; तसे सांगण्याची तयारी या चर्चेत अपवादानेच दिसते. आपल्या आवडत्या खेळाडूसाठी न्याय मागताना, ज्याची जागा जाईल त्या अनामिक खेळाडूवरील अन्यायाचा विचार होत नाही. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

त्यात प्रांताचा अभिमान मिसळला की युक्तिवाद आणखी सैल होतो. पिल्ले हे तमिळभाषक कुटुंबातील, खडकीच्या वस्तीत वाढलेले. महाराष्ट्राने त्यांना आपले मानले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु 'महाराष्ट्रावर अन्याय' या सूत्रात त्यांचा खेळ मागे पडतो आणि केवळ त्यांचा जिल्हा व राज्य उरते. खेळाडूचा खरा गौरव त्याच्या खेळाच्या नेमक्या वर्णनात असतो. चेंडू घेऊन बगलेवरून घुसण्याची त्यांची शैली, बचावफळीला मागे हटविण्याची क्षमता, सहकाऱ्यासाठी निर्माण केलेली मोकळी जागा यांविषयी जितके लिहिले जावयास हवे होते, त्यापेक्षा त्यांच्या रागाविषयी आणि अश्रूंविषयी अधिक लिहिले गेले.

नोंदीचा अभाव

तथापि या उणिवेचे सारे खापर रसिकांवर फोडता येणार नाही. युक्तिवादासाठी पुरावा लागतो आणि तो पुरावा जतन करणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही. पिल्ले यांच्या नावावर ३३९ आंतरराष्ट्रीय सामने आहेत. परंतु त्यांनी नेमके किती गोल केले याची अधिकृत आकडेवारी महासंघाने ठेवली नाही. १७० च्या आसपासचा आकडा सांगितला जातो, तो अंदाजाचा. ज्या खेळात देशाने आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली, त्या खेळातील अग्रणी आघाडीपटूचे गोलही मोजलेले नसावेत, ही गोष्ट संघनिवडीच्या चर्चेत मध्यवर्ती ठरते. जेथे गोल मोजले गेले नाहीत तेथे गोलापूर्वीचा पास, हिरावून घेतलेले चेंडू, मिळवून दिलेले पेनल्टी कॉर्नर यांच्या नोंदीची अपेक्षा कोणी करावी? नोंद नसली की स्मरण उरते, आणि स्मरण नेहमीच पक्षपाती असते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २०१३ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये दिसले. लिलावाच्या पद्धतीमुळे प्रत्येक खेळाडूला प्रथमच एक जाहीर आकडा चिकटला. सरदार सिंग यांच्यासाठी दिल्लीच्या संघाने ७८ हजार डॉलर मोजले. आता मोलाचा प्रश्न सुटला, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. परंतु मुंबईच्या संघाचा अनुभव वेगळे सांगतो. पेनल्टी कॉर्नरचे तज्ज्ञ संदीप सिंग या संघाकडून गोल करणाऱ्यांत आघाडीवर राहिले आणि तरीही पाच संघांत मुंबईचा क्रमांक शेवटचा लागला. बाजारभाव हा मागणीचा आकडा आहे. संघाच्या घडणीत खेळाडूचे स्थान कोणते, हे तो सांगू शकत नाही. नोंदींचा अभाव आणि एकाच आकड्यावरचा विश्वास ही दोन्ही टोके रसिकाला सारखीच दिशाभूल करणारी आहेत.

मौनातून संशय

निवडकर्त्यांच्या मौनाचा परिणाम चर्चेच्या पातळीपुरता मर्यादित राहत नाही. कारणे न देण्याची सवय लागली की अयोग्य कारणांनाही त्याच मौनात आसरा मिळतो. मार्च २००८ मध्ये सँटियागो येथील पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून पराभव झाला आणि भारतीय पुरुष संघ प्रथमच ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. त्यानंतर पुढच्याच महिन्यात संघनिवडीसाठी पैसे स्वीकारल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीने छुप्या चित्रणाद्वारे महासंघाच्या तत्कालीन सचिवांवर केला. सचिवांनी राजीनामा दिला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. या घटनेवरून १९९९ चा निर्णयही भ्रष्ट होता असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरेल. परंतु निवड पारदर्शक नसेल तर प्रामाणिक निर्णय आणि विकलेला निर्णय बाहेरून सारखेच दिसतात, एवढे या घटनेने निःसंशय दाखविले.

खानदेशाच्या संदर्भात

हा प्रश्न राष्ट्रीय संघापुरता असता तर जळगाव-धुळ्याच्या वाचकाने त्याकडे रसिक म्हणूनच पाहिले असते. वस्तुस्थिती तशी नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड चाचणी, विद्यापीठाचा संघ आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा ही पायरी येथील शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांतील मुलामुलींना चढावी लागते. शालेय पातळीवरील क्रीडा सवलतीचे गुण, शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के समांतर आरक्षण, रेल्वेतील खेळाडूंच्या कोट्यातून होणारी भरती या सर्वांचा आधार म्हणजे प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्राचा आधार म्हणजे संघातील नाव. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात या नावाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

राष्ट्रीय संघातून वगळलेल्या पिल्ले यांच्यासाठी बोलणारे लाखो होते आणि त्यांना नोकरी देणारी इंडियन एअरलाइन्ससारखी संस्था पाठीशी होती. साक्री किंवा चोपडा तालुक्यातील महाविद्यालयीन खेळाडू निवड चाचणीत मागे पडला तर त्याच्यासाठी कोणी बोलत नाही. त्याला आपण कोठे कमी पडलो हेही कळत नाही. त्यामुळे पुढील वर्षी काय सुधारावे हेही उमगत नाही. महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर प्रमाणपत्रांची पडताळणी कडक झाली. मात्र पडताळणी कागदाची होते. त्या कागदामागील निवडीची होत नाही.

एक आक्षेप

निवडीची कारणे जाहीर केल्यास वगळलेल्या खेळाडूची मानहानी होईल आणि खेळातील सूक्ष्म जाण आकड्यांत मावणार नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेला जे दिसते ते प्रत्येक वेळी कोष्टकात भरता येत नाही. परंतु निकष आधी जाहीर करणे आणि खेळाडूची जाहीर चिरफाड करणे या भिन्न गोष्टी आहेत. चाचणीपूर्वी कसोट्या सांगणे, प्रत्येक सामन्याची साधी नोंद ठेवणे आणि वगळलेल्या खेळाडूला खासगीत चार ओळींचे लेखी कारण देणे यांत कोणाचीही मानहानी नाही. उलट निवडकर्त्याच्या अनुभवी नजरेला त्यामुळे विश्वासार्हता लाभते.

समारोप

धनराज पिल्ले यांच्या निमित्ताने झालेली चर्चा भावनिक होती म्हणून ती त्याज्य ठरत नाही. एका खेळाडूच्या वगळण्याने दूरच्या गावांतील माणसेही अस्वस्थ व्हावीत, हे त्या खेळाच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. परंतु सेवेचे ऋण, आजची उपयुक्तता आणि उद्याची आशा यांतील कोणत्या मोलाविषयी आपण बोलत आहोत हे रसिकाने स्पष्ट केले पाहिजे आणि कोणत्या मोलाला अग्रक्रम दिला हे निवडकर्त्याने सांगितले पाहिजे. ऋण फेडण्यासाठी सन्मान, निरोपाचा सामना, प्रशिक्षकपद असे अनेक मार्ग आहेत. संघातील जागा हा त्यासाठीचा योग्य मार्ग नव्हे. त्याचप्रमाणे न पटणाऱ्या खेळाडूला 'विश्रांती'च्या नावाखाली दूर करणे हाही योग्य मार्ग नव्हे. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी येत्या निवड चाचणीपासून निकषांचा एक कागद सूचनाफलकावर लावला आणि सामन्यांची एक वही ठेवली, तरी अनेक वर्षे देशाच्या महासंघाला जे जमले नाही ते खानदेशात सुरू होईल.