सोय आणि आठवण

गेल्या ऑगस्टमध्ये महादेवपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर बहिणीचा मुक्काम होता. भाची एम.एस्सी.साठी मँचेस्टरला निघाली होती, विमान बेंगळुरूहून. बॅग २३ किलोंच्या वर जाऊ नये म्हणून बहीण ती उचलून वजनकाट्यावर उभी राहायची, मग नुसतीच उभी राहायची आणि वजाबाकी करायची. दर वजाबाकीला एखादं पुस्तक बाहेर निघायचं. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला मात्र हलले नाहीत.

त्याच दिवसांत पलीकडच्या खोलीत मी परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींचे लेख एका संकलनासाठी इंग्रजीत आणत होते. ११ लेख होते, त्यांतल्या ९ लेखांत मऊ भात, तूप आणि मेतकूट. लेख वाईट नव्हते. दोनतीन तर मनापासून लिहिलेले. पण पहिला बर्फ, कुकरची शिट्टी, व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा हा क्रम इतका ठरलेला की चौथ्या लेखापासून माझे हात आपोआप चालू लागले. त्यात 'आईच्या हातची चव' हा शब्दप्रयोग वारंवार येत होता. सगळ्या लेखांत मिळून आईचा दिसतो तो एवढा हातच.

अडले मी 'सोय' या शब्दापाशी. 'घरी सगळी सोय होती' हे वाक्य दिसायला सोपं. इंग्रजीतला 'कम्फर्ट' हा घेणाऱ्याच्या अंगाला जाणवणारा आराम आहे. सोय करावी लागते, लावावी लागते, बघावी लागते, म्हणजे ती करणारं कोणीतरी असतं. इथल्या कन्नडमध्ये याच अर्थाने 'अनुकूल' म्हणतात, आणि तेही कोणीतरी 'करून देतं'. इंग्रजी वाक्यात हा करणारा माणूस गळतो. पण मी ज्यांचं भाषांतर करत होते, त्या मराठी लेखांतही तो नव्हताच. तेव्हा दोष भाषांतरावर ढकलायची सोय (हीही एक सोयच) राहिली नाही.

म्हणून मी आनंदीबाई जोशींकडे परत गेले. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरलेली, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतलेली ही मुलगी निघाली तेव्हा १८ वर्षांची होती. घरापासून दूर शिकण्याच्या मराठी गोष्टीची सुरुवात आपण तिच्यापासून करतो, आणि तिच्या हालांची यादी आपल्याला पाठ असते: थंडी, धूर करणारी शेगडी, शाकाहाराची आबाळ, क्षय. ती यादी वाचताना आपण गृहीत धरतो की मागे राहिलेलं घर उबदार होतं.

ते गृहीतक तिची पत्रंच टिकू देत नाहीत. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. शिकवण्याच्या ध्यासात गोपाळराव मारत. अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात ती या माराचा हिशेब वयाच्या क्रमाने मांडते. दहाव्या वर्षी काय, बाराव्या वर्षी काय. तक्रारीचा सूर जवळजवळ नाही, आणि त्यामुळेच ते वाचवत नाही. घरात सोय करणारी तीच होती. सोय करून घेणं तिला प्रथम भेटलं ते न्यू जर्सीतल्या रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. त्यांना ती 'मावशी' म्हणे. एका परक्या बाईला तिने आपल्या भाषेतलं हे नातं दिलं, यात मला आठवणीइतकीच निवडही दिसते.

मग तिने घरचं अन्न आणि घरचा वेश का धरून ठेवला? निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या सभेत तिने शब्द दिला होता की हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. पुढे ताटात काय असावं आणि अंगावर काय असावं हे त्या शब्दाने ठरवलं. तिच्या लुगड्याला आपण आज 'घरची ओढ' म्हणतो. मला ते घराला रोज द्यावं लागणारं प्रमाणपत्र वाटतं. १८८५ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात ती, जपानची केई ओकामी आणि सिरियाची सबात इस्लामबूली आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत. तिघींनाही आपला देश अंगावर नेसून बसायला लागलं आहे.

काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये तिचं चरित्र लिहिलं. एका बाईने बाईची पत्रं वाचली, याचा फायदा त्या पुस्तकाला आहे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' (१९६८) मी कॉलेजात असताना रडत वाचली होती. आता वाचताना ती मला गोपाळरावांच्या वादळात फार रमलेली वाटते. वादळ रंगवायला सोपं असतं. रोझेलच्या घरातला एखादा निवांत दिवस रंगवणं अवघड, कारण तिथे ती कोणाची बायको नसते.

दुसरं उदाहरण आंबेडकरांचं. लंडनमध्ये अपुऱ्या जेवणावर दिवस काढत ते रात्री पापड भाजून खात, ही आठवण धनंजय कीरांच्या चरित्रामुळे घराघरात पोचली. पापड आपल्याला आवडतो, कारण तो आपल्याही डब्यात असतो. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेब स्वतः जे सांगतात त्यात पापड नाही. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असं ते लिहितात. ती परत आली बडोद्याच्या स्टेशनवर: आता जायचं कुठे? पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं, मग कमाठी बागेत येऊन बसले. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची स्वतःच्या देशात राहण्याची सोय झाली नाही. या मजकुरासाठी मला इंग्रजीत शब्द शोधावा लागला नाही, तो मुळात इंग्रजीतच आहे. मराठीत आणताना मात्र 'सोय' हाच शब्द पुढे येतो आणि वाक्य अधिक कठोर होतं.

त्या ११ लेखांतल्या उरलेल्या दोघांत मेतकूट नव्हतं. त्यातल्या एकीने लिहिलं होतं की लीड्समध्ये आपल्या खोलीचं दार आतून लावता येतं, याची सवय व्हायला तिला दोन महिने लागले. संपादकांनी तो लेख 'विषयाला धरून नाही' म्हणून बाजूला ठेवला. मी पत्र लिहून तो परत आत घ्यायला लावला. भांडणच झालं जवळजवळ.

निघायच्या आदल्या रात्री भाची म्हणाली, "मावशी, आईला मेतकुटाचं प्रमाण विचार ना, मला ती ओरडते." बहिणीने सांगितलं, मी लिहून घेतलं. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, थोडी उडदाची डाळ, गहू, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग. किती भाजायचं, विचारलं तर म्हणाली, "वास सुटेपर्यंत."

"किती मिनिटं?"

"मी कधी बघितलंय घड्याळ? तेव्हा तुझं जेवण वाढत असायचे ना मी."