समोरच्या खिडकीतला माणूस

हिचकॉकच्या १९५४ सालच्या 'रिअर विंडो'मध्ये रेमंड बर हा नट बहुतेक वेळ चौकापलीकडच्या एका खिडकीत आपल्याला बोटभर दिसतो. भरदार देह, पिकलेले केस, चष्मा; बोलणं त्रोटक आणि तेही दुरून अर्धवट कानी पडणारं. नटाचं निम्मं भांडवल दिग्दर्शकाने आधीच काढून घेतलेलं. उरते ती एक रुंद पाठ, एक जड पावलांची लय, रात्रीच्या पावसात सुटकेस घेऊन बाहेर पडण्यातली ती मुकाट सवय. आणि एवढ्याशा सामग्रीवर हा गृहस्थ बायकोच्या खुनाचा संशय आपल्या मनात थेंबाथेंबाने झिरपवत नेतो.

दोन क्षणांपाशी जरा रेंगाळू या. शेजाऱ्यांचं कुत्रं चौकात मेलेलं सापडतं, मालकिणीच्या आक्रोशाने सगळी वस्ती खिडक्यांशी गोळा होते. एकच खिडकी अंधारी राहते आणि त्या काळोखात सिगारेटचं टोक तेवढं फुलतं, मंदावतं, पुन्हा फुलतं. नट दिसतच नाही, तरी त्याचं अस्तित्व साऱ्या चौकावर दाटून राहतं! दुसरा क्षण अंगठीचा. त्याच्या घरात सापडलेली ग्रेस केली पोलिसांसमोर उभी आहे आणि पाठीमागे धरलेल्या हातातली अंगठी पलीकडच्या खिडकीतून पाळत ठेवणाऱ्या नायकाला, जेम्स स्ट्यूअर्टला, खुणेने दाखवते आहे. बरचं लक्ष त्या बोटांकडे जातं, मग ती नजर वर येते, चौक ओलांडते आणि थेट आपल्यावर स्थिरावते. इतका वेळ चोरून बघण्याचं सुख निर्धास्तपणे भोगणारे आपण त्या नजरेने रंगेहाथ पकडले जातो.

पुढे तो नायकाच्या खोलीत शिरतो, तेव्हा फ्लॅशबल्बच्या लखलखाटाने दिपून चष्मा सावरणारा एक शिणलेला फिरता विक्रेता दिसतो. तुला माझ्याकडून हवंय तरी काय, या त्याच्या प्रश्नात अशी काही आर्तता आहे, की क्षणभर खुन्याचीच कणव यावी.

हाच भारदस्तपणा १९५१च्या 'अ प्लेस इन द सन'मध्ये सरकारी वकिलाच्या अंगी होता. भर कोर्टात आणलेल्या होडीत चढून तो वल्हं आपटून मोडतो, ते विसरणं कठीण. १९५७ साली दूरचित्रवाणीवर 'पेरी मेसन' सुरू झाली, तीत मात्र बर बचावाच्या बाजूला आला. गंमत म्हणजे चाचणीला तो आधी सरकारी वकिलाच्या भूमिकेसाठीच गेला होता. तोच देह, तोच खर्जातला आवाज, तीच सावकाश उचललेली नजर. पण ज्या नजरेने आपल्याला कापरं भरलं, तिच्यात आता निरपराधांना आसरा मिळू लागला. साक्षीदार बोलत असताना नुसतं ऐकत राहण्याचा त्याचा अभिनय पाहावा! १९५९ आणि १९६१ अशी दोनदा दूरचित्रवाणीच्या पुरस्कारांतली एमी त्याच्याकडे आली.

आणि 'रिअर विंडो'त चाकांच्या खुर्चीतल्या जेम्स स्ट्यूअर्टवर चालून जाणारा हा माणूस १९६७पासून 'आयर्नसाइड'मध्ये आठ हंगाम स्वतःच तशा खुर्चीत बसला, गोळी लागून अधू झालेला पोलीस अधिकारी म्हणून. १९८५मध्ये तो पुन्हा मेसन झाला आणि १९९३मध्ये मरेपर्यंत ती भूमिका करत राहिला. एमी वकिलाला मिळाली, ते ठीकच. माझं मत मात्र खुन्याला.