शंका विचारणे आणि शंका घेणे : सामायिक इंग्रजीची एक मर्यादा

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका कामानिमित्त एका जर्मन सहकाऱ्यांशी माझा केवळ ईमेलवर संपर्क होता. त्यांनी केलेल्या परिभाषेच्या यादीतील एका शब्दाविषयी विचारायचे होते, म्हणून मी लिहिले, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर लिस्ट.' मनात साधे मराठी वाक्य होते : एक शंका आहे. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात यादीतल्या प्रत्येक शब्दाचा आधार ओळीने दिलेला होता. मराठीत शंका विचारता येते आणि घेताही येते. मी विचारली होती. त्यांना ती घेतलेली वाटली.

आम्हा दोघांचीही इंग्रजी ही मातृभाषा नव्हती. अशा व्यवहाराचा अभ्यास गेली तीन-चार दशके गांभीर्याने होत आहे. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली : मातृभाषकांचे आतले, भारतासारख्या देशांचे बाहेरचे आणि जर्मनी-जपानसारख्यांचे विस्तारते. इंग्रजी ही मातृभाषकांच्या एकट्याच्या मालकीची नाही, असे हेन्री विडोसन यांनी १९९४ मध्ये ठामपणे मांडले. पुढे बार्बरा साइडलहोफर यांच्या पुढाकाराने व्हिएन्नात 'व्हॉइस' हा सुमारे दहा लाख शब्दांचा कॉर्पस उभा राहिला. क्रियापदाचा 'एस' गळाला तरी संवाद अडत नाही, हे अशा नोंदींतून दिसले. 'चुका' म्हणून हिणवल्या गेलेल्या बोलण्याला या अभ्यासकांनी प्रतिष्ठा दिली, याबद्दल माझ्यासारख्या मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला कृतज्ञताच वाटते.

तरीही या मांडणीतील आशावाद मला अपुरा वाटतो. 'व्हॉइस'मधील सामग्री समोरासमोरच्या बोलण्याची आहे. ॲलन फर्थ यांनी १९९६ मध्ये डॅनिश निर्यातदारांचे दूरध्वनी-संवाद तपासले. न कळलेला शब्द ऐकणारा तूर्त 'जाऊ द्या' म्हणून सोडतो आणि अर्थ पुढे उलगडेल अशी वाट पाहतो, असे त्यांना आढळले. बोलण्यात हे जमते, कारण आवाज असतो, 'हं' असते, पुढचे वाक्य लगेच येते. ईमेलमध्ये तेच वाक्य चार दिवस तसेच पडून राहते आणि वाचणारा आपल्या मातृभाषेच्या कानाने ते पुन्हा पुन्हा ऐकतो.

लेखनाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. हेलसिंकीत ॲना मौरानेन यांच्या पुढाकाराने लिखित इंग्रजीचाही कॉर्पस झाला. त्यात संशोधकांचे ब्लॉगलेखनही आहे. पण कॉर्पस कोणताही असो, त्यात लिहिले गेलेलेच येते. जो मजकूर तीनदा खोडून शेवटी पाठवलाच नाही, त्याची मोजदाद होत नाही. 'संवाद यशस्वी होतो' हा निष्कर्ष त्यामुळे टिकून राहिलेल्यांपुरता खरा ठरतो. मातृभाषक पंच मैदानातून गेला म्हणून खेळ समान झाला, असे होत नाही. सफाईने लिहिणारे आणि अडखळणारे यांच्यातले अंतर उरतेच.

आता मी 'डाउट' ऐवजी 'क्वेश्चन' लिहितो. त्या सहकाऱ्यांना मात्र खुलासा पाठवायचा राहिला. मराठीत तो दोन ओळींत झाला असता. इंग्रजीत मसुदा केला, तो कधी अति नम्र वाटे, कधी उद्धट. शेवटी आभाराची एक ओळ पाठवली आणि पुढे त्यांना काही विचारलेच नाही. कॉर्पसमध्ये हा संवाद सुरळीत पार पडलेला दिसेल.